मोजे काढून पाहा : आजारी ज्येष्ठांसाठी सेवा केंद्र पारखताना

अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांची घरी शुश्रूषा कशी करावी, याविषयी या सदरात लिहिल्यापासून आलेल्या पत्रांत एक प्रश्न वारंवार विचारला गेला आहे. घरी करणे आता जमेनासे झाले आहे, केंद्रात ठेवायचे ठरले आहे, पण तिथली सेवा चांगली आहे की नाही हे बाहेरच्या माणसाने ओळखायचे कसे? सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आणि पुढे परिसेविका म्हणून ३१ वर्षे काम केल्यामुळे आणि नंतर घरच्याच एका माणसाला अशा केंद्रात ठेवावे लागल्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत. निवडक पत्रांना येथे उत्तर देत आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ८२) चार महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू निकामी झाली असून बोलणेही जवळजवळ बंद आहे. आई हयात नाही. मी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीत काम करतो, पत्नी शिक्षिका आहे. आम्ही दोन केंद्रे पाहिली. एक शहरात आहे, नवी इमारत, लिफ्ट, वातानुकूलित खोल्या. दुसरे कळंब्याच्या पुढे, साधे बैठे घर आहे. पहिल्याचे शुल्क जवळजवळ दुप्पट आहे. निर्णय कशावर घ्यावा?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट इमारत किंवा शुल्क ही नसून वडिलांचे बोलणे बंद झाले आहे, ही आहे. उजवी बाजू जाते तेव्हा इजा मेंदूच्या डाव्या भागाला झालेली असते आणि बहुतेक माणसांत भाषेचे केंद्र त्याच भागात असते, म्हणून अशा रुग्णांची वाचा अनेकदा जाते. बोलता येणारा रुग्ण तहान लागली की सिस्टरला हाक मारतो, कूस दुखली की कुरकुर करतो, मुलगा भेटायला आला की काय घडले ते सांगतो. तुमच्या वडिलांना यातले काहीच करता येणार नाही. म्हणून तुम्हाला असे केंद्र हवे आहे, जिथे न मागणाऱ्या माणसाची गरजही कोणाच्या तरी लक्षात येते, आणि ते पारखायचे तर स्वागतकक्षात बसून उपयोग नाही. तिथे आधीपासून असलेल्या, वडिलांसारख्याच एखाद्या रुग्णाच्या खाटेजवळ, परवानगी घेऊन आणि त्याच्या खासगीपणाचा मान राखून, पंधरा मिनिटे उभे राहा.

पहिल्यांदा पाण्याचा पेला कुठे आहे ते पाहा. उजवा हात गेलेल्या माणसाचा पेला आणि बोलवायची घंटा उजव्या बाजूच्या टेबलावर ठेवली असेल, तर तो दिवसभर पाण्याकडे नुसता पाहत राहील. सकाळी पाणी भरले जाते, संध्याकाळी तेवढेच भरलेले उचलले जाते आणि नोंद मात्र ‘पाणी दिले’ अशी होते. वाढत्या वयात तहानेची जाणीव मुळातच कमी होते, त्यामुळे हा पेला दिसतो तितका लहान विषय नाही. त्यानंतर रुग्णाला उठवून बसवताना पाहा. निकामी हाताला धरून ओढले की सैल पडलेला खांदा सांध्यातून उतरतो आणि त्याचे दुखणे पुढे महिनोन्‌महिने राहते. ज्यांना शिकवलेले असते ते कमरेला आणि पाठीला आधार देऊन उठवतात. भरवताना रुग्ण ताठ बसलेला असावा, घास लहान असावा, तो चांगल्या बाजूने दिलेला असावा आणि आधीचा घास गिळला गेल्याची खात्री करूनच पुढचा दिला जावा, कारण निकामी बाजूच्या गालात अन्न साचते आणि तेच नंतर श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. जेवणानंतर निदान अर्धा तास तरी आडवे करू नये. आडव्या पडलेल्या माणसाच्या तोंडात घाईघाईने मऊ भात कोंबला जात असल्याचे दिसले, तर तिथून निघून यावे, मग इमारत कितीही देखणी असो.

मनुष्यबळाविषयी विचारताना ‘रात्री किती कर्मचारी असतात?’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर माहितीपत्रकात छापलेले असते. ‘काल रात्री कोण कोण होते, आणि रुग्ण किती होते?’ असे विचारा. उत्तर देणाऱ्याला नावे लगेच सांगता आली, तर तिथे पाळ्यांचा हिशेब ठेवला जातो असे समजायला हरकत नाही. परिचारिका प्रशिक्षित आहे का, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे तिची नोंदणी आहे का, हे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. पण रोजची खरी सेवा मावशी आणि मामा करतात, आणि त्यांपैकी किती जण वर्षभराहून अधिक काळ टिकून आहेत, हा प्रश्न मी सर्वांत वर ठेवीन. जिथे दर महिन्याला नवे चेहरे दिसतात तिथे कोणाला कोणत्या कुशीवर झोप लागते, कोणाला भाकरी दुधात कुस्करून लागते, हे ज्ञान साठतच नाही.

कोल्हापूरकरांनी आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरली जाते, आणि २०१९ व २०२१ मध्ये पाणी त्याच्या किती वर गेले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. इशारा पातळी आली की इथले अंथरुणावरचे रुग्ण कुठे हलवणार, कोणत्या वाहनातून, आणि त्यांची औषधे व कागदपत्रे कोण बरोबर घेणार, हे संचालकांना विचारा. केंद्र उंचावर असले तरी रस्ता बंद होऊ शकतो आणि वीज जाऊ शकते. ऑक्सिजनचे यंत्र विजेवर चालते, आणि हवेची गादीसुद्धा. वीज गेली की त्या गादीतली हवा उतरते आणि रुग्ण पुन्हा कठीण पृष्ठभागावर येतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. इन्व्हर्टर कशाकशाला जोडला आहे, ते समक्ष पाहा.

शेवटी माझाच अनुभव सांगते. माझ्या सासूबाईंना त्यांच्या शेवटच्या वर्षी आम्ही एका केंद्रात ठेवले होते. दर रविवारी चार ते सहा या भेटीच्या वेळेत मी जात असे. त्या नेहमी न्हालेल्या, स्वच्छ गाऊनमध्ये, केस विंचरलेल्या अशा दिसत आणि पायांत मीच थंडीसाठी दिलेले लोकरीचे मोजे असत. एका बुधवारी मी काही कामाने त्या भागात गेले आणि सकाळी सातलाच डोकावले. डायपर रात्रभर बदललेला नव्हता. तो बदलताना मी मोजे काढले, आणि डाव्या टाचेवर रुपयाच्या नाण्याएवढा काळा डाग दिसला. त्या आकाराची जखम एका रात्रीत होत नाही. इतकी वर्षे वॉर्डात रुग्णांच्या टाचा तपासणारी मी, तीन महिने घरच्या माणसाचे मोजे काढून पाहत नव्हते. त्याचे दुःख मला आजही आहे. म्हणून आग्रहाने सांगते : ठरलेल्या वेळेखेरीज जा, सकाळी लवकर जा, रात्रीच्या जेवणाच्या वेळी जा, आणि अशा वेळी येऊ न देणारे केंद्र निवडू नका. रुग्णांच्या विश्रांतीसाठी दुपारी दोन तास दार बंद ठेवणे समजण्यासारखे आहे, परंतु नातेवाइकाला आठवड्यातून एकदाच प्रवेश, हा नियम मला मान्य होण्यासारखा नाही.

दोहोंपैकी कोणते, हे मी पत्रावरून सांगणार नाही. पण वातानुकूलित खोलीचे दुप्पट शुल्क देण्यापूर्वी त्या पैशांतून रात्रीच्या पाळीला एक माणूस जास्त मिळतो आहे का, हे पाहा. मिळत नसेल, तर बैठ्या घराकडे मनापासून पुन्हा एकदा पाहायला हवे.

प्रश्न : माझी आई (वय ७८, मधुमेह) सहा महिन्यांपासून एका केंद्रात आहे. तिला माकडहाडाजवळ जखम झाली आहे. ‘वयोमानाने हे व्हायचेच,’ असे तिथले लोक सांगतात. हे खरे आहे का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : वयाने त्वचा पातळ होते, मधुमेहाने जखम भरायला वेळ लागतो, हे खरे आहे. पण बेडसोर वयामुळे होत नाही, दाबामुळे होतो. हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा दबून राहिली की तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि पेशी मरतात. माकडहाड, टाचा, खुबे, कोपरे आणि डोक्याचा मागचा भाग या त्याच्या जागा आहेत. म्हणूनच स्वतः हलू न शकणाऱ्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते, आणि हवेची गादी असली तरी हे काम टळत नाही. अखेरच्या दिवसांत, सगळे शरीरच थकत चाललेले असताना, उत्तम सेवा मिळूनही जखम होऊ शकते, एवढा अपवाद मी प्रामाणिकपणे मान्य करते. मात्र पहिल्या टप्प्यात तिथे फक्त लाली असते, बोटाने दाबली तरी ती फिकी होत नाही. रोज अंग पुसणाऱ्याला ती दिसलीच पाहिजे. जखम उघडी पडल्यावर प्रथम कळले असेल, तर मधले दिवस कोणी पाहिले नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

केंद्राला आईचा कूस बदलण्याचा तक्ता मागा आणि तो नीट पाहा. आठवडाभराच्या सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने, एकाच दमात लिहिलेल्या दिसतात का? खऱ्या तक्त्यात रात्री दोनची नोंद वेगळ्या अक्षरात असते, एखादी वेळ दहा मिनिटे पुढेमागे झालेली असते, कुठे ‘रुग्णाने नकार दिला’ असा शेरा असतो. अतिशय सुबक तक्त्याने समाधान मानू नका. त्याचबरोबर दरमहा वजनाची नोंद विचारा. महिन्याभरात वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले असेल, म्हणजे ५० किलोची व्यक्ती अडीच किलोने उतरली असेल, तर आहाराकडे तातडीने लक्ष द्यायला हवे, कारण प्रथिने पोटात गेल्याशिवाय जखम भरत नाही. मूत्रपिंडाचा विकार नसेल तर अंडे, दूध, घट्ट वरण, पनीर यांपैकी काय किती द्यायचे ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

लाल झालेल्या जागी स्पिरिट किंवा तेल लावून चोळण्याची जुनी पद्धत अजून अनेक ठिकाणी चालते. ती थांबवायला सांगा, चोळण्याने आतल्या दबलेल्या पेशींना आणखी इजा होते. बसण्यासाठी रबरी कडे देतात, तेही नको, त्याच्या कडेने नवा दाब पडतो. टाचांसाठी पोटरीखाली उशी द्यावी, म्हणजे टाच अधांतरी राहते. जखमेला दुर्गंधी येत असेल, ती काळी पडली असेल किंवा ताप असेल, तर या पत्राच्या उत्तराची वाट न पाहता शल्यचिकित्सकांना दाखवायला हवे होते. अद्याप दाखवले नसेल, तर आजच दाखवा.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत असते. तिकडे अशा केंद्रांना तारे दिलेले असतात, तसे आपल्याकडे कुठे पाहायला मिळतील, असे ती विचारते.
— एक वाचक, रुईकर कॉलनी

उत्तर : तिथल्या सरकारने २००८ पासून एक ते पाच तारे देण्याची पद्धत सुरू केली आहे आणि ते तारे सरकारी तपासणी, मनुष्यबळ आणि रुग्णांच्या प्रकृतीचे निदर्शक या तीन बाबींवर ठरतात. इंटरनेटवर आपल्याकडील केंद्रांपुढे जे तारे दिसतात ते मात्र येणाऱ्याजाणाऱ्यांनी दिलेले असतात, आणि त्यांतले बरेचसे बाग, स्वच्छता आणि संचालकांच्या बोलण्याविषयी असतात. मुलीला त्या तीन बाबी याच क्रमाने स्वतः विचारायला सांगा. त्यासाठी व्हिडिओ कॉलवर खोली पाहण्यापेक्षा कोल्हापुरातल्या एखाद्या विश्वासू नातेवाइकाला दोनदा, वेगवेगळ्या वेळी, प्रत्यक्ष पाठवलेले बरे.

प्रश्न : सासऱ्यांना (वय ७६) विस्मरणाचा आजार आहे. घरी असताना ते रात्री फिरायचे, ओरडायचे. केंद्रात ठेवल्यापासून दोन आठवडे ते शांत आहेत, पण आम्ही जाऊ तेव्हा झोपलेलेच असतात. हे चांगले लक्षण समजावे का?
— एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : नाही. तुम्हाला मनात कुठेतरी तसे वाटले म्हणूनच तुम्ही पत्र लिहिले असणार, आणि तुमची शंका रास्त आहे. सध्या दिल्या जाणाऱ्या सर्व औषधांची यादी लेखी घ्या आणि त्यांच्या पूर्वीच्या डॉक्टरांना दाखवा. झोपेची किंवा शांत करणारी एखादी नवी गोळी त्यात असेल, तर ती कोणी लिहिली, कशासाठी आणि किती दिवसांसाठी, हे विचारा. अशी औषधे कधीकधी खरोखर लागतात, पण ती डॉक्टरांनी रुग्णाला तपासून, घरच्यांना सांगून, थोड्या काळासाठी द्यायची असतात. मनोविकारांवरील काही औषधांनी विस्मरणाच्या ज्येष्ठ रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००५ मध्येच त्या औषधांवर छापायला लावला आहे. गुंगीतला माणूस पडतो, नीट जेवत नाही, एकाच कुशीवर पडून राहतो, आणि मग वरच्या पत्रात लिहिलेले सगळे सुरू होते. औषधे आपल्या मनाने अचानक बंद मात्र करू नका.

दुसरी शक्यताही तपासा. ज्येष्ठांच्या वागण्यात दोन-चार दिवसांत एकदम फरक पडला, मग तो गुंगीचा असो की आरडाओरड्याचा, तर त्यामागे लघवीचा जंतुसंसर्ग, पाण्याची कमतरता, बद्धकोष्ठता किंवा रक्तातील साखर उतरणे असे साधे कारण असू शकते. अशा वेळी केंद्राने डॉक्टरांना बोलावले होते का, तपासण्या केल्या होत्या का, हे विचारल्यावर जे उत्तर मिळेल त्यावरून तुम्हाला तिथल्या सेवेची प्रत कळेल.

हात खाटेला बांधलेले असल्याचे किंवा मनगटावर त्याचे वळ दिसले, तर मात्र त्याच दिवशी लेखी खुलासा मागा. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात वॉर्डात रुग्णांना बांधले जाई आणि आम्ही ते काळजीपोटीच करतो असे मानत असू. बांधलेला माणूस सुटण्यासाठी धडपडतो आणि त्यातच इजा करून घेतो, हे नंतर शिकले.

प्रश्न : केंद्राची कोणती कागदपत्रे पाहावीत, आणि तक्रार करायची झाली तर कुठे? तक्रार केली तर ते लोक आईवर राग काढतील अशी भीतीही वाटते.
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : आपल्या बोलण्यात ‘नर्सिंग होम’ म्हणजे लहान खासगी रुग्णालय. महाराष्ट्रात त्यासाठी १९४९ चा नोंदणी कायदा आहे आणि त्याच्या व्याख्येत आजार व इजा यांच्याबरोबर दुर्बलतेमुळे उपचार आणि शुश्रूषा घेणाऱ्यांना ठेवण्याची जागाही येते. नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले असले पाहिजे. त्यावरची मुदत आणि खाटांची संख्या वाचा, आणि प्रत्यक्षात किती खाटा आहेत ते मोजा. केवळ निवासाची सोय असलेला वृद्धाश्रम वेगळा. तो नळी घातलेल्या किंवा सतत शुश्रूषा लागणाऱ्या रुग्णाला घेत असेल, तर हे काम कोणत्या नोंदणीखाली आणि कोणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालते, हे विचारणे भाग आहे. करारपत्रात शुल्कात काय येते आणि डायपर, ड्रेसिंग, फिजिओथेरपी यांचे वेगळे किती, अनामत रक्कम कधी परत मिळेल आणि तातडीच्या वेळी रुग्णाला कुठे नेणार, या बाबी स्पष्ट असाव्यात.

तुमच्या भीतीविषयी अधिक लिहावेसे वाटते, कारण ती मी अनेकांच्या डोळ्यांत पाहिली आहे आणि तिच्यामुळेच पुष्कळ गोष्टी वेळेवर सांगितल्या जात नाहीत. तक्रार मावशींकडे करू नका, प्रभारी परिचारिकेकडे करा. ‘तुम्ही लक्ष देत नाही,’ या वाक्याचा उपयोग होत नाही, त्याने समोरचा दुखावतो आणि बदलत काहीच नाही. ‘मंगळवारी संध्याकाळी सहाला आले तेव्हा डायपर भिजलेला होता, तो दुपारी किती वाजता बदलला होता?’ असे विचारा. तारीख, वेळ आणि पाहिलेली गोष्ट एका वहीत लिहीत जा, तोंडी बोलणे झाले की तेच दोन ओळींत संदेशाने पाठवा आणि उत्तर मागा. जे चांगले झाले तेही त्याच वहीत लिहा आणि तेही आवर्जून सांगा. रात्रभर जागून दहा-बारा जणांचे करणाऱ्या मावशींना बहुधा फक्त चुकाच ऐकायला मिळतात. सणाला त्यांच्या हातावर काही ठेवले तर चालेल का, असे मला विचारले जाते. पैशांपेक्षा त्यांना नावाने हाक मारा, त्यांच्या मुलांची चौकशी करा आणि आईच्या आवडीनिवडी त्यांना सांगा. आई पूर्वी काय करत होती, तिला कोणत्या देवाचे स्तोत्र पाठ आहे, हे कळले की तिला न्हाऊ घालणाऱ्या हातांतही फरक पडतो, असा माझा अनुभव आहे.

एवढे करूनही सुधारणा झाली नाही, तर नोंदणी करणाऱ्या यंत्रणेकडे लेखी अर्ज करा. कोल्हापूर शहरात ती यंत्रणा म्हणजे महानगरपालिका. शुल्क घेऊन दिलेल्या सेवेतील त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, आणि त्यासाठी तुमची वही, पावत्या व तारखांची छायाचित्रे उपयोगी पडतात. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत असते, तिथे मार्गदर्शन मिळते. पालकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आणि प्रांताधिकाऱ्यांपुढचे न्यायाधिकरण मुख्यतः मुले सांभाळत नसतील तर निर्वाहभत्ता मिळवण्यासाठी आहे, केंद्राविरुद्धच्या तक्रारीसाठी त्याचा आधार घेण्यात वेळ घालवू नका.

आणि तक्रारीनंतर आईच्या अंगावर वळ दिसले, ती एखाद्या कर्मचाऱ्याला पाहून दचकू लागली किंवा तुमचा हात सोडेनाशी झाली, तर कागदपत्रांचे नंतर पाहा. आधी तिला तिथून घरी आणा, मग घरी खाट ठेवायला जागा असो वा नसो.